बांबू कधी तोडावा आणि कसा मुरवावा

पडवीच्या वाशांतून पिठासारखी भुकटी गळायला लागली की माणूस डांबर, वार्निश, रॉकेल, मिळेल ते फासायला घेतो. पण तोवर उशीर झालेला असतो. बांबू पोखरणारा बारीक भुंगेरा (डायनोडेरस) काठी तोडल्यानंतर लवकरच, कापलेल्या टोकातून किंवा एखाद्या जखमेतून आत शिरतो. तो लाकूड खायला येत नाही, काठीत साठलेलं पिष्ट खायला येतो. म्हणजे पिष्ट कमी असताना तोडलेली, आणि तोडल्यावर उरलंसुरलं पिष्ट काढून टाकलेली काठी त्याच्या दृष्टीने फार कामाची नसते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती फिरतात. रसायन त्यात आहे, पण शेवटी आहे.

जात पाहून काम ठरवा

तळकोकणात घराच्या मागच्या बांधावर दिसतो तो माणगा. काटे नाहीत, काठी सरळ, जाडी साधारण ३ ते ५ सेंटिमीटर, आणि आतून भरीव किंवा जवळजवळ भरीव. घाटावर केळीला, द्राक्षाला, टोमॅटोला आधार द्यायला ट्रक भरून जातो तो हाच. खुर्च्या, पलंग, छोट्या शेडचे वासे यांना उत्तम. नवख्याने सुरुवात याच्यापासून करावी, कारण बांबूच्या बेटात शिरताना अंग फाटत नाही.

मेळघाट, चंद्रपूर, गडचिरोलीकडे मानवेल. बुडाशी जाड भिंतीचा, कधी अगदी भरीव, वर पोकळ होत जाणारा. ताकदीला चांगला, पण कोरड्या डोंगरावर वाढलेला असेल तर वाकडातिकडा निघतो. कळक मात्र दांडगा: उंच, पोकळ, खांबाला आणि पन्हळीला चांगला, पण खालच्या काटेरी फांद्यांचं जाळं असं की काठी काढण्यापेक्षा काठीपर्यंत पोचणं कठीण. सह्याद्रीतला बारीक चिवा कुडाला आणि कुंपणाला.

नावं गावागणिक बदलतात. एकाचा मेस तो दुसऱ्याचा माणगा असू शकतो. त्यामुळे विकत घेताना नावावर जाऊ नका. कापलेलं बूड बघा, भिंत किती जाड आहे ते पाहा, आणि दोन गाठींमधलं पेर किती लांब आहे ते मोजा. बांधकामाला जाड भिंत आणि आखूड पेर, विणकामाला लांब पेर.

काठीचं वय

नवख्याची पहिली फसगत इथे होते. जाड काठी म्हणजे जुनी काठी, असं वाटतं. बांबूचं तसं नसतं. कोंब जमिनीतून येतानाच आपली पूर्ण जाडी घेऊन येतो आणि एकाच पावसाळ्यात जवळजवळ पूर्ण उंची गाठतो. पुढे तो जाड होत नाही, फक्त आतून पिकत जातो. बेटातली सगळ्यात जाड, चकचकीत, हिरवीगार काठी ही पुष्कळदा यंदाचीच असते. ती तोडलीत तर वाळताना सुरकुतेल, चपटी होईल, आणि भुंगेऱ्याला मेजवानी मिळेल.

ओळखायचं असं. यंदाच्या काठीवर पांढरी भुकटी असते, गाठींना कोंबावरचं तपकिरी आवरण चिकटलेलं असतं, फांद्या धड फुटलेल्या नसतात. त्या आवरणावर बारीक कुसळं असतात, ती हाताला लागली की खाज सुटते. दुसऱ्या वर्षी आवरण गळतं, रंग गडद होतो, फांद्या भरतात. तिसऱ्या वर्षापासून हिरव्यातली चमक जाते, अंगावर पांढुरके-करडे दगडफुलाचे ठिपके धरतात, आणि कोयत्याच्या पाठीने ठोकलं तर बद्द आवाज न येता खणखणीत येतो.

बांधकामाला आणि फर्निचरला ३ ते ५ वर्षांची काठी. त्याहून फार जुनी ठिसूळ होत जाते. टोपल्या-सुपांचं वेगळं: बुरूड दुसऱ्या वर्षातली, अजून लवचीक असलेली काठी मागतात, कारण पिकलेल्या काठीची कामटी (चिरून काढलेली पट्टी) वळवताना मोडते.

बेट तुमचंच असेल तर अंदाजावर राहायचं कारण नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला यंदा आलेल्या प्रत्येक काठीवर छातीच्या उंचीला ऑइलपेंटने साल लिहून ठेवा. तीन वर्षांनी हा डबाभर रंग कुठल्याही जाणकारापेक्षा उपयोगी पडतो.

हंगाम

पावसाळ्यात कोंब वाढतात ते जुन्या काठ्यांत आणि कंदात साठवलेल्या अन्नावर. म्हणून पाऊस संपता संपता काठ्यांतलं पिष्ट उतरलेलं असतं. हिवाळाभर ते पुन्हा हळूहळू साठतं, आणि पावसाच्या तोंडावर, चैत्र-वैशाखात, भरून असतं.

आता कोकणातली रीत आठवा. घराची, गोठ्याची, मांडवाची डागडुजी मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी. आणि बांबूही तेव्हाच तोडला जातो, म्हणजे नेमका वर्षातल्या सगळ्यात वाईट वेळी. वर तो ओलाच चढवला जातो. मग दोन वर्षांत भुगा. डागडुजी मे महिन्यातच करा, पण तिचा बांबू आदल्या नोव्हेंबर-डिसेंबरात तोडून, मुरवून, वाळवून ठेवलेला हवा. एकंदर तोडणी दसरा-दिवाळीनंतर सुरू करावी आणि माघापर्यंत आटपावी. जून ते सप्टेंबर बेटात कोयता घेऊन जाऊच नये, पायाखाली कोंब मोडतात.

वद्य पक्षात तोडावा, अमावास्येच्या आसपास, असंही जुनी माणसं सांगतात. पाळायचं तर खुशाल पाळा. पण वैशाखातल्या अमावास्येला तोडलेली कोवळी काठी कुठलाही चंद्र वाचवणार नाही. आधी हंगाम आणि वय.

खात्री करायची असेल तर मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आणा. ताज्या कापावर आतल्या बाजूला दोन थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर पिष्ट भरपूर आहे, तपकिरीच राहिला तर काठी घेण्यासारखी.

बेटात शिरताना

पूर्ण बाह्यांचा सदरा, जाड हातमोजे, बंद बूट. हत्यार म्हणजे धारदार कोयता आणि बारीक दात्यांची करवत. आत जाण्याआधी लांब काठीने पाला ढवळून घ्या. बांबूच्या बेटात चापडा नावाचा हिरवा विषारी साप फांदीवर निवांत बसलेला असतो, आणि तो हिरव्यात सहज दिसत नाही. पाल्यात घोणसही असू शकते.

नवे कोंब बेटाच्या बाहेरच्या कडेला येतात आणि जुन्या काठ्या मध्ये अडकतात. म्हणून कडेकडेच्या सोप्या काठ्या तोडत गेलात तर नेमक्या कोवळ्याच जातात आणि मधला गुंता तसाच राहतो. जाणते लोक ज्या बाजूला नवे कोंब कमी आहेत तिथून वाट पाडतात आणि मधल्या जुन्या काठ्या काढतात, म्हणजे बेट वरून घोड्याच्या नालेसारखं दिसतं. यंदाच्या आणि (टोपल्या-सुपांचं काम नसेल तर) गेल्या वर्षीच्या काठ्यांना हात लावू नका. तीन वर्षांवरच्याही सगळ्या एकदम साफ करू नका. नव्या काठ्यांना वाऱ्यात आधार त्यांचाच असतो. यंदा जेवढे कोंब जगले, साधारण तेवढ्याच जुन्या काठ्या काढल्या तर बेट उतरत नाही.

कापायचं जमिनीपासून पहिल्या-दुसऱ्या गाठीच्या लगेच वर, म्हणजे १५ ते ३० सेंटिमीटरवर. गाठीच्या वर चार बोटं सोडलीत तर खुंटाची वाटी होते, तिच्यात पाणी साचतं, डास होतात आणि कुज खाली कंदात उतरते. कमरेच्या उंचीवर वाकायचा कंटाळा म्हणून तोडणारे भेटतात. काठीचा सगळ्यात मजबूत भाग ते खुंटात सोडून देतात, आणि पुढच्या वर्षी त्या खुंटांतून वाट काढणं नको होतं.

वाकलेली, दुसऱ्या काठ्यांत अडकून ताणलेली काठी तोडताना जपा. अर्धी कापताच ती उभी चिरत वर जाते आणि फटकन उसळते. आधी वाकाच्या आतल्या बाजूने थोडा काप घ्या, मग बाहेरून. समोर उभं राहू नका.

बेटाला फुलोरा आला असेल तर हिशेब बदलतो. फुलून बी धरल्यावर बहुतेक जातींचं बेट मरतं, आणि मग काठ्या राखण्यात अर्थ नसतो. बी पडू द्या आणि काठ्या वाळून ठिसूळ व्हायच्या आत काढून घ्या.

कायद्याचं थोडक्यात: जंगलाबाहेर वाढलेला बांबू २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून वगळला आहे. जंगलातल्या बांबूची गोष्ट निराळी. तो २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार गौण वनोपज आहे आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत त्यावर ग्रामसभेचा अधिकार चालतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे पास स्वतः देण्याचा अधिकार २०११ मध्ये मिळाला. तेव्हा रानातून काठी आणण्याआधी ग्रामसभेत किंवा वनखात्यात विचारा.

पानांसकट उभी ठेवा

ही पायरी फुकट आहे आणि बहुतेक जण हीच गाळतात. तोडलेली काठी लगेच आडवी पाडून फांद्या छाटू नका. बूड दगडावर ठेवून ती बेटातच, शेजारच्या काठ्यांना टेकवून, पानांसकट उभी राहू द्या. पानं काही दिवस पाणी ओढत राहतात, काठी आपलंच पिष्ट खर्च करते, आणि मातीला न टेकल्यामुळे वाळवी लागत नाही. दोन-तीन आठवड्यांनी पानं पिवळी पडून गळली की काढा. फांद्या बुडाकडून शेंड्याकडे छाटा, उलट छाटल्यात तर साल सोलली जाते. काठ्या रस्त्याने फरफटत नेऊ नका. वरची गुळगुळीत पाठ हेच बांबूचं चिलखत आहे, तिच्यावरचा प्रत्येक ओरखडा म्हणजे एक दार.

एक अपवाद. बोरॅक्सची (टाकणखाराची) टाकी तयार असेल आणि ओल्या काठीतच द्रावण मुरवायचं असेल तर उभं ठेवणं आठवड्यावर आणा. काठी ओली असतानाच क्षार आत पसरतात.

मुरवणं: पाणी की बोरॅक्स

जुनी पद्धत पाण्याची. वहाळात काठ्या आडव्या टाकायच्या, वर दगड ठेवायचे आणि तीन-चार आठवडे विसरायचं. जाड काठ्यांना जास्तही. पाण्यात पिष्ट आणि साखर आंबून निघून जाते. वास येतो, येणारच. काठी पूर्ण बुडलेली हवी. अर्धी वर राहिली तर पाण्याच्या रेषेवर काळा डाग पडतो आणि तिथूनच कुजते. वाहतं पाणी चांगलं. साचलेल्या तळ्यात ठेवलंत तर काठी काळवंडते, आणि पाण्यातला प्राणवायू कमी होऊन मासे मरतात. पिण्याच्या किंवा जनावरांच्या पाणवठ्यावर हे काम करू नका. कोकणातले बरेचसे वहाळ उन्हाळ्याआधीच आटतात, हेही डिसेंबरात तोडायचं आणखी एक कारण.

पाण्यात मुरवल्याने भुंगेऱ्याचा त्रास बराच कमी होतो. वाळवी आणि बुरशी यांना मात्र त्याने फारसा फरक पडत नाही. घर, शेड, विकायचं फर्निचर असेल तर बोरॅक्स-बोरिक वापरा. घरच्या घरी जमण्यासारखं, त्यातल्या त्यात सुरक्षित आणि स्वस्त.

१०० लिटर पाण्याला ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक अ‍ॅसिड, म्हणजे सुमारे ५ टक्क्यांचं द्रावण. आधी थोड्या गरम पाण्यात दोन्ही विरघळवा, मग उरलेलं पाणी घाला. गार पाण्यात तळाशी खडे बसून राहतात. टाकी विकत घ्यायची गरज नाही. काठीपेक्षा हातभर लांब चर खणा, आत जाड ताडपत्री अंथरा, झालं.

पोकळ काठीच्या गाठी आतून फोडाव्या लागतात, नाहीतर द्रावण आत जातच नाही. बांबूची पाठ जवळजवळ जलरोधक असते, सगळं शोषण कापलेल्या टोकांतून आणि आतल्या बाजूने होतं. १०-१२ मिलिमीटरची लांब सळई टोकदार करून घ्या आणि बुडाकडून ठोकत सगळे पडदे भेदत जा. मग काठी तिरकी बुडवा, म्हणजे आतली हवा बुडबुडत बाहेर येईल. हवा अडकली की तेवढं पेर कोरडं. पूर्ण काठीला ७ ते १० दिवस, चिरलेल्या कामट्यांना २ ते ४ दिवस पुरतात. भरीव माणग्यात सळई जात नाही. त्याला दोन आठवडे द्या, आणि कामाच्या मापाने आधीच तुकडे करून घ्या, कारण तुकडा जितका आखूड तितकं टोकांतून जास्त मुरतं. भरीव काठीच्या मधल्या भागात नीट मुरवायचं तर दाबाचं यंत्रच हवं.

बाहेर काढल्यावर काठ्या आठवडाभर ताडपत्रीखाली झाकून ठेवा, क्षार भिंतीत समान पसरतात. टाकीतलं द्रावण पुन्हा वापरता येतं, कमी झालेलं त्याच प्रमाणात नवं करून भरा. हातमोजे घाला, मुलं आणि गुरं यांना चराजवळ फिरकू देऊ नका. उरलेलं द्रावण विहिरीजवळ किंवा भातखाचरात ओतू नका. बोरॉन जरासं असलं तर पिकाला खत, जास्त झालं तर पीक करपतं.

दोन मर्यादा. हे क्षार पावसाच्या पाण्याने धुऊन जातात, त्यामुळे उघड्यावरच्या किंवा जमिनीत गाडायच्या काठीला ही पद्धत उपयोगाची नाही. आणि सूप, रोवळी, परडी असं खाण्याच्या संपर्कात येणारं काही बोरॅक्समध्ये बुडवू नका. त्यांना पाण्यात मुरवणं आणि चुलीवरच्या माळ्यावर धूर देणं हेच बरं. धुराने कामटी तांबूस होते आणि वर्षानुवर्षं टिकते, हे जुन्या स्वयंपाकघरात काढलेल्या कुठल्याही कणगीकडे पाहून कळतं.

तांबं-क्रोम असलेली रसायनं बाहेरच्या कामाला वापरतात, पण ती विषारी आहेत. ते काम प्रक्रिया केंद्रावर सोपवा. विकत घेत असाल तर प्रक्रिया आयएस ९०९६ या मानकाप्रमाणे केली आहे का आणि कोणतं रसायन वापरलं, हे दोन प्रश्न विचारा.

वाळवणं

सावली, वारा आणि धीर. उन्हात टाकलीत तर पाठ आधी आकसते आणि काठी तडकते. शेडमध्ये उभ्या टेकवून ठेवा, बूड फळीवर किंवा विटांवर, आठवड्याला एकदा फिरवा. उभ्या काठ्यांना सहा ते बारा आठवडे. आडव्या रचल्यात तर त्याहून बराच वेळ, आणि मग प्रत्येक थरात आडव्या पट्ट्या हव्यात. बांबू लाकडासारखा थांबून आकसत नाही, पहिल्या दिवसापासून आकसायला लागतो. ओल्या काठीला कितीही घट्ट काथ्या आवळलात तरी दोन महिन्यांत सांधा खुळखुळतो.

वाळली हे कळायला ओल मोजायचं मीटर लागत नाही. एक तुकडा बाजूला काढा, दर आठवड्याला काट्यावर ठेवा, वजन उतरायचं थांबलं की माल तयार. कोकणात ते मार्चच्या अखेरीपर्यंत व्हायला हवं, पुढे हवा दमट होत जाते.

वाकडी काठी सरळ करायची तर अर्धवट ओली असताना. निखाऱ्यांवर किंवा ब्लोलॅम्पवर फिरवत शेका, तेलकट घाम सुटला की गोणपाटाने पुसा, दोन खुंट्यांमध्ये दाबून धरा आणि ओल्या फडक्याने थंड करा. त्याआधी प्रत्येक पोकळ पेराला बारीक भोक पाडा. बंद पेरातली हवा तापली की काठी फटाक्यासारखी फुटते, आणि कपच्या डोळ्याला लागतात.

साठवण

जमिनीपासून हातभर उंच मांडणीवर, भिंतीपासून दूर. महिन्यातून एकदा खाली बॅटरी मारून भुकटी पडली आहे का बघा. एखाद्या काठीत टाचणीएवढी भोकं दिसली तर ती लगेच ढिगातून वेगळी करा, उरलेल्या वाचतात. पावसाळ्यात अंगावर धरणारी काळी बुरशी बहुधा वरवरचीच असते, फडक्याने पुसून वारा द्या.

बांधताना

मुरवलेली काठीसुद्धा पाण्यात उभी राहिली तर कुजते. खांब मातीत गाडू नका. चिऱ्याच्या किंवा काँक्रीटच्या चौथऱ्यावर, लोखंडी सळईला बसवा. छपराची वळचण अडीच-तीन फूट बाहेर हवी, कोकणातला तिरपा पाऊस त्याहून कमीला दाद देत नाही. प्रत्येक तुकडा असा कापा की टोकाजवळ गाठ राहील, नाहीतर सांध्याजवळ काठी चेपते. खिळा थेट ठोकलात की चीर गेलीच. आधी ड्रिलने भोक, मग बोल्ट. बोल्ट जाणाऱ्या पोकळ पेरात सिमेंटचा गिलावा भरला तर आवळताना भिंत फुटत नाही. माणसं राहणार असतील असं काही बांधायचं असेल तर आयएस १५९१२ या बांबूच्या बांधकामाच्या मानकाप्रमाणे हिशेब करणारा अभियंता गाठा. गुरांच्या गोठ्याला एवढं लागत नाही.

हातकामाच्या कामट्या काढताना पाठीकडचा थर आणि पोटाकडचा थर वेगळा ठेवा. पाठीची कामटी चिवट आणि टिकाऊ. पोटाकडची मऊ, पिष्टाची, आणि भुंगेऱ्याला आधी सापडणारी. कडा आणि तळ पाठीच्या कामटीनेच करा. आणि ताज्या चिरलेल्या कामटीची धार ब्लेडइतकी पातळ असते, बोट तिच्यावरून सरकवू नका.

प्रत्यक्ष पाहून शिकायचं असेल तर कुडाळचं कोनबॅक (कोकण बांबू आणि वेत विकास केंद्र), मेळघाटातल्या लवाद्याचं संपूर्ण बांबू केंद्र आणि चंद्रपूरजवळ चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र ही ठिकाणं आहेत. त्याआधी गावातल्या बुरूडआळीत एक दुपार बसा. पहिल्या वर्षी मोठ्या शेडचा घाट घालू नका. माणग्याच्या दहा-बारा काठ्या दिवाळीनंतर तोडा, निम्म्या पाण्यात आणि निम्म्या बोरॅक्समध्ये मुरवा, दोन्हींवर खूण करा, आणि त्यांचा वेलाचा मांडव न करता छपराखालचं काहीतरी करा: बाक, मांडणी, शिडी.